दमा: प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून, की जास्त होते म्हणून?

केतकी_म
माझी मुलगी ११ वर्षांची आहे, दमा लहानपणापासून. मधली काही वर्षं बरी गेली, पण आता साधी सर्दी झाली तरी छाती भरते आणि रात्रभर खोकला. या वेळी डॉक्टरांनी सीबीसी करून घेतली आणि रिपोर्ट बघून म्हणाले, "इओसिनोफिल ६२० आहेत, इओसिनोफिलिक प्रकारचा दमा दिसतोय, इन्हेलर नियमित चालू ठेवा." बाहेर रांग लागली होती, पुढे काही विचारता आलं नाही.

इओसिनोफिल म्हणजे पांढऱ्या पेशीच ना? पांढऱ्या पेशी आपलं रक्षण करतात असंच शाळेत शिकलो. नातेवाईक म्हणतात, हिची प्रतिकारशक्ती कमी आहे, ती वाढवायचं काहीतरी दे. आणि इन्हेलरमधलं स्टेरॉइड तर प्रतिकारशक्ती दाबतं. मग वाढवायची की दाबायची? दम्यात या पेशी नेमकं करतात काय, कुणी नीट सांगेल का? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, ते तर विचारणारच आहे.

वाटसरू_७
अगदी हाच प्रश्न आमच्याही घरात आहे. वाचतोय.

डॉ_विहंग
छातीरोगाचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रतिकारशक्ती म्हणून एकच एक गोष्ट शरीरात नसते. जीवाणूंशी लढणारी फळी वेगळी, विषाणूंची वेगळी, जंतांची वेगळी. इओसिनोफिल, मास्ट पेशी आणि आयजीई नावाचं प्रतिपिंड ही मुख्यतः जंतांविरुद्धची फळी. बऱ्याच दमेकऱ्यांमध्ये नेमकी हीच फळी, समोर जंत नसताना, धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांवर नाहीतर परागकणांवर तुटून पडते. त्यामुळे एकूण शक्ती कमी की जास्त, हे एका शब्दात सांगता येत नाही.

क्रम साधारण असा. श्वासनलिकेच्या अस्तरात डेंड्रायटिक पेशी असतात. त्या बाहेरून आलेला कण उचलतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन टी पेशींना (याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीच) दाखवतात. दम्याकडे कल असलेल्या माणसात त्यातून टीएच-२ प्रकारच्या टी पेशी तयार होतात. या पेशी आयएल (इंटरल्युकिन) नावाचे तीन महत्त्वाचे रासायनिक निरोप सोडतात. आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई बनवू लागतात. आयएल-५ मुळे अस्थिमज्जेतून इओसिनोफिल जास्त संख्येनं बाहेर पडतात आणि जास्त दिवस जगतात. आयएल-१३ मुळे कफ वाढतो आणि नलिका जरा काही लागलं की आवळायला लागते.

तयार झालेलं आयजीई मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतं. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन ओतून मोकळ्या होतात. नलिकेचे स्नायू आवळतात, घरघर सुरू होते. हा पहिला झटका तास-दोन तासांत ओसरतो. पण तोवर बोलावणी गेलेली असतात, आणि चार ते आठ तासांनी इओसिनोफिल आणि टी पेशी येऊन पोचतात. दुसरा झटका त्यांचा, आणि तो जास्त चिवट. दुपारी जुनी गादी झटकली आणि रात्री दम लागला, यामागे बरेचदा हे असतं. लोक मात्र त्या रात्री काय खाल्लं याचा शोध घेत बसतात.

रानपाखरू
विहंग, पटलं, पण एक अडचण आहे. माझ्या भावाला पन्नाशीत दमा झाला, अनेकदा ॲडमिट करावं लागलं, आणि त्याचे इओसिनोफिल कायम नॉर्मल. माझे ८०० च्या घरात असतात आणि मला दमा अजिबात नाही, फक्त सकाळी शिंका. मग या आकड्याला अर्थ काय?

डॉ_विहंग
@रानपाखरू, रक्तातला आकडा ही खूण आहे, निदान नव्हे. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे साधारण ५०० पर्यंत नॉर्मल धरतात. ॲलर्जीची सर्दी, एक्झिमा, पोटातले जंत, काही औषधं, कशानंही तो वाढतो. फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या) भागांत तर तो हजारांत गेलेला दिसतो आणि रात्रीचा खोकला थेट दम्यासारखा वाटतो, पण तो आजारच वेगळा आणि औषधही वेगळं. दमा आहे की नाही हे लक्षणं आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी, सांगते. दमा आहे हे ठरल्यावर तो कोणत्या पेशींचा, याचा अंदाज हा आकडा देतो.

तुमच्या भावासारख्या काही जणांत इओसिनोफिल नसतातच, न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. धूम्रपान, लठ्ठपणा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, कामाच्या ठिकाणची रसायनं, अशी पार्श्वभूमी बरेचदा सापडते. आणि इथे स्टेरॉइड कमी पडतं. स्टेरॉइडनं इओसिनोफिल मरतात, न्यूट्रोफिल मात्र उलट जास्त काळ टिकतात. त्यामुळे आधीच डोस जास्त चालू असेल तर थुंकीत दिसणारे न्यूट्रोफिल आजाराचे की औषधाचे, हा पेच आम्हालाही पडतो.

स्लाइडवाली
पॅथॉलॉजी लॅबमध्ये थुंकीच्या स्लाइड बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून राहवलं नाही.

दमेकऱ्याची थुंकी काचेवर पसरून रंगवली की इओसिनोफिल शोधावे लागत नाहीत, तेच डोळ्यांत भरतात. केंद्रक दोन पाकळ्यांचं, मधे बारीक धागा, आणि बाकीची सगळी पेशी नारिंगी-गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेली. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये इओसिन हा रंग वापरून त्या वेगळ्या ओळखल्या. मास्ट पेशींना नाव देणारेही तेच, त्याच्या आदल्या वर्षी. त्या दाण्यांत अत्यंत दाहक प्रथिनं असतात. जंताची कातडी जाळायला ती उपयोगी, पण श्वासनलिकेत सांडली की अस्तराच्या पेशी सोलून निघतात. मग स्लाइडवर अस्तराचे तुकडेच्या तुकडे दिसतात, कधी केसाळ टोकं शाबूत असलेले.

कफ घट्ट असेल तर आणखी एक गोष्ट दिसते: दोन्ही टोकांना निमुळते, सुईसारखे चकचकीत स्फटिक. शार्को यांनी १८५३ मध्ये आणि लायडन यांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून शार्को-लायडन स्फटिक. इओसिनोफिलमधलं गॅलेक्टिन-१० हे प्रथिन पेशी फुटल्यावर बाहेर पडतं आणि त्याचे हे स्फटिक होतात. कित्येक वर्षं आम्ही त्यांना लढाईनंतरचा कचरा समजत आलो. २०१९ मध्ये दाखवून दिलं गेलं की हे स्फटिक स्वतःच दाह पेटता ठेवतात, आणि विशिष्ट प्रतिपिंडं ते विरघळवू शकतात. एवढ्या जुन्या ओळखीच्या गोष्टीत एवढं नवं निघालं याचा मला अजूनही आनंद होतो.

वाटसरू_७
स्लाइडवाली, फोटो टाका की!

स्लाइडवाली
पेशंटच्या स्लाइडचे फोटो टाकत नाही, माफ करा.

सडेतोड
सगळं ठीक आहे हो, पण इतकी नावं घेऊन शेवटी देणार काय, तर इन्हेलर. एकदा सवय लागली की सुटत नाही. मुळात प्रतिकारशक्ती भक्कम करा, दमा पळेल. अकरा वर्षांच्या पोरीला रोज स्टेरॉइड? मन कसं धजावतं?

पीएचडी_चालू
सडेतोड, काळजीतून लिहिताय हे समजतं, पण हे असंच सोडून देता येणार नाही. याच गैरसमजापायी मुलं मरतात.

समजा प्रतिकारशक्ती सरसकट "भक्कम" करणारं औषध मिळालंच, तर ते टीएच-२ पेशी सोडून बाकीच्याच भक्कम करील असं कुणी सांगितलं? इन्हेलरमधलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बरंचसं काम फुफ्फुसातच करतं. आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ यांचं उत्पादन ते जनुकाच्या पातळीवर कमी करतं, इओसिनोफिल मरतात, अस्तराला भरून यायला वेळ मिळतो. तोटे आहेतच: चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी येते, आवाज बसतो. उंचीचंही सांगते. एका मोठ्या अभ्यासात लहानपणी बुडेसोनाइड हे इन्हेलरमधलं स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. लपवण्यासारखं यात काही नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा ना.

आणि जी "सवय" लोकांना दिसते ती बहुतेक वेळा लगेच आराम देणाऱ्या पंपाची असते. त्यातलं साल्ब्युटामोल स्नायू सैल करतं, पेशींना हातही लावत नाही. माणसाला बरं वाटतं, आत इओसिनोफिल वाढत राहतात आणि एका रात्री तो पंपही पुरत नाही. म्हणूनच 'जीना' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रौढांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्ब्युटामोलवर राहू नये, त्यासोबत दाह कमी करणारं औषध हवंच.

सडेतोड
मरतात वगैरे जरा जास्तच झालं. माझा मुद्दा एवढाच की मुळावर उपाय शोधा.

तिठा
सडेतोड, जास्त झालेलं नाही. मी आयसीयूत व्हेंटिलेटरवर राहून आलेय. पंप उशाशीच होता, तोच ओढत होते. दाह कमी करणारा दुसरा पंप "बरं वाटतंय" म्हणून बंद केला होता.

मुळावर उपाय म्हणाल तर माझा अनुभव सांगते. सगळे इन्हेलर पूर्ण डोसमध्ये आणि नीट घेऊनही वर्षभरात पुन्हा पुन्हा स्टेरॉइडच्या गोळ्या लागत होत्या. मग बेनरालिझुमॅब सुरू झालं. सुरुवातीला महिन्याला एक इंजेक्शन, आता दोन महिन्यांनी. पहिल्या डोसनंतरच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिलसमोर शून्य होतं, लॅबमधून फोन आला की रक्त परत देता का! गोळ्या आता सुटल्यात. पण केतकीताईंसारखाच प्रश्न मलाही पडतो: शरीराची एक अख्खी पेशी नाहीशी करणं कितपत सुरक्षित?

डॉ_विहंग
तिठा, छान प्रश्न. हे औषध इओसिनोफिलवरच्या आयएल-५ च्या ग्राहकाला (म्हणजे तो निरोप पकडणाऱ्या रेणूला) चिकटतं. त्याच्या रचनेतून फ्युकोज ही साखर मुद्दाम काढलेली असते, त्यामुळे नैसर्गिक मारक पेशी ते घट्ट धरतात आणि इओसिनोफिलला संपवतात. म्हणजे तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्याच दुसऱ्या पेशीला मारते आहे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर आजवर पाच-सात वर्षं घेतलेल्या रुग्णांमध्ये संसर्ग किंवा कर्करोग वाढल्याचं दिसलेलं नाही. जंतांची शंका असेल तर आधी त्यांचा उपचार करायचा, ही अट मात्र आहे. आयुष्यभराचा अनुभव अजून कुणाकडेच नाही, कारण या वर्गातलं पहिलं औषध, मेपोलिझुमॅब, मंजूर झालं २०१५ मध्ये.

त्या मेपोलिझुमॅबची कथा मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २००० मध्ये पहिला छोटा अभ्यास आला. रक्तातले इओसिनोफिल खाली गेले, पण ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) हुंगवल्यावर येणारा दम्याचा झटका तसाच राहिला. २००७ च्या मोठ्या अभ्यासातही लक्षणांत विशेष फरक नाही. बऱ्याच जणांनी मानलं की इओसिनोफिल उगाच बदनाम झाले. खरी गोची वेगळीच होती: रुग्ण निवडताना त्यांच्या दम्यात इओसिनोफिल आहेत का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. २००९ मध्ये दोन छोट्या अभ्यासांत फक्त थुंकीत इओसिनोफिल असलेले आणि वारंवार झटके येणारे रुग्ण घेतले, आणि त्याच औषधानं झटके ठळकपणे कमी झाले. आज आम्ही रक्तातल्या इओसिनोफिलचे ३०० आणि १५० हे आकडे बघून औषध ठरवतो, त्याची मुळं इथे आहेत.

पण अशी इंजेक्शनं सरसकट नकोत. दमेकऱ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांचा दमा खरोखर तीव्र असतो. बाकीच्यांना इन्हेलर नीट ओढायला शिकवलं तरी पुष्कळ होतं.

निवांत_आजोबा
मला एक सांगा. सर्दीला सेट्रिझिन लागू पडतं, दम्याला का नाही? दोन्हीकडे हिस्टामिनच ना?

पीएचडी_चालू
आजोबा, दम्यात हिस्टामिन असतं, पण मोठा हात ल्युकोट्राइनचा. श्वासनलिका आवळण्यात ते हिस्टामिनच्या साधारण हजारपट जोरकस आहेत, आणि त्यांचा परिणाम रेंगाळतो. ते कळायच्या कितीतरी आधीपासून शास्त्रज्ञांना एवढंच ठाऊक होतं की ॲलर्जीच्या वेळी असा एक पदार्थ बाहेर पडतो ज्यावर हिस्टामिनविरोधी औषध चालत नाही. त्याची रचना बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटानं १९७९ च्या सुमारास उलगडली. १९८२ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळालं, त्यात हेही आलं. मॉन्टेलुकास्टची गोळी याच ल्युकोट्राइनना अडवते.

मीरा_२२
मॉन्टेलुकास्टवर माझा मुलगा रात्री किंचाळून उठायचा, दिवसा चिडचिड. अभ्यासाचा ताण असेल असं समजून आम्ही काही आठवडे काढले. गोळी बदलल्यावर थांबलं.

डॉ_विहंग
मीराताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०२० मध्ये या औषधावर मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांची सगळ्यात कडक पातळीची सूचना छापायला लावली. सगळ्यांना होत नाही, पण मुलाच्या झोपेत किंवा वागण्यात बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वाटसरू_७
एवढ्या पेशी आणि एवढे आयएल! धागा संपेपर्यंत आम्ही सगळे परीक्षेला बसू शकू.

केतकी_म
सगळ्यांचे मनापासून आभार. तिठा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, काळजी घ्या.

दोन गोष्टी अजून अडल्यात. माझ्या मुलीला बिघडतं ते धुळीनं नाही, सर्दीनं. मग यात टीएच-२ आणि आयजीईचा संबंध कसा? आणि अधेमधे ती महिनोन् महिने ठणठणीत असते, तेव्हा इन्हेलर बंद करायला काय हरकत आहे?

पीएचडी_चालू
पहिल्या प्रश्नाची वाटच बघत होते, माझा अभ्यास याच भागात आहे.

फार वर्षं असं मानलं जायचं की दम्याची सुरुवात टी पेशींपासून होते. मोसमान आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये टीएच-१ आणि टीएच-२ ही विभागणी मांडली आणि पुढची वीसेक वर्षं सगळे त्याच चौकटीत विचार करत होते. २०१० च्या आसपास आयएलसी-२ नावाच्या पेशी सापडल्या. दिसायला लिम्फोसाइट (टी आणि बी पेशींच्या गटातल्या), पण विशिष्ट ॲलर्जन ओळखणारा ग्राहक त्यांच्यावर नसतो. त्यांना आयजीई लागत नाही, आधीची ओळख लागत नाही. अस्तराच्या पेशींना इजा झाली की त्या टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ हे धोक्याचे इशारे सोडतात. ते मिळताच आयएलसी-२ पेशी काही तासांत आयएल-५ आणि आयएल-१३ ओतायला लागतात. इजा कशानंही होऊ दे: धूर, प्रदूषण, माइटच्या विष्ठेतली पाचक द्रव्यं, किंवा सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस. म्हणून ॲलर्जीच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह असलेल्या माणसातही इओसिनोफिल भरपूर असू शकतात. टीएसएलपीलाच अडवणारं टेझेपेलुमॅब २०२१ च्या अखेरीस मंजूर झालं ते याच समजुतीवर.

आता तुमच्या नातेवाइकांचं. अनेक दमेकऱ्यांच्या अस्तरपेशी ऱ्हायनोव्हायरस आल्यावर इंटरफेरॉन कमी किंवा उशिरा बनवतात, असं काही अभ्यासांत आढळलंय. इंटरफेरॉन ही विषाणूंविरुद्धची पहिली फळी. शिवाय विषाणू आल्यावर सर्वांत जास्त इंटरफेरॉन बनवणाऱ्या काही डेंड्रायटिक पेशींवर आयजीई लादलं गेलं की त्यांचा हात आखडतो. म्हणजे जंतांविरुद्धची फळी चढलेली आणि तिनंच विषाणूंविरुद्धची दाबून धरलेली. नातेवाईक म्हणतात ती कमतरता काही अंशी खरी आहे, पण ती भरून काढायची वाट चढलेली फळी खाली आणण्यातून जाते. आयजीईला बांधून ठेवणारं ओमालिझुमॅब सर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी दिलं, तर तीव्र दमा असलेल्या मुलांचे त्या हंगामातले झटके कमी झाले. त्यातल्या काही मुलांच्या रक्तपेशी इंटरफेरॉनही जास्त बनवायला लागल्या होत्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो.

सडेतोड
हे मात्र नवीन होतं. चढलेली उतरवली की पडलेली आपोआप उठते, असं असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो. रोजच्या स्टेरॉइडबद्दल मन अजून साशंक आहे.

डॉ_विहंग
साशंक राहा, फक्त औषध बंद करताना डॉक्टर सोबत असू दे.

केतकीताई, दुसरा प्रश्न. लक्षणं नसताना दुर्बिणीतून नलिकेचा तुकडा काढून पाहिला तरी सौम्य दम्यातसुद्धा इओसिनोफिल आणि सुजलेलं अस्तर सापडतं. दाह असाच धुमसत राहिला तर अस्तराखालचा थर जाड होतो, स्नायू वाढतात, आणि हे बदल पूर्ण मागे फिरत नाहीत. इन्हेलर आयुष्यभर त्याच डोसनं घ्यावा लागतो असं मात्र नाही. साधारण तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिला की आम्ही डोस एक पायरी उतरवतो, थांबतो, बघतो. पण तिचा त्रास सर्दीच्या हंगामात वाढतो, तर तो तोंडावर असताना उतरवायला जाऊ नका.

मिळत असेल तर फेनोची चाचणी करून घ्या. यंत्रात संथ फुंकायचं, बस. आयएल-१३ च्या प्रभावाखाली अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतात, तेच श्वासात मोजतात. १२ वर्षांखालच्या मुलांत ३५ च्या वर आकडा म्हणजे या प्रकारचा दाह बऱ्यापैकी चालू आहे, २० च्या खाली म्हणजे शक्यता कमी. इन्हेलर खरंच आत पोचतोय का, हेही त्यातून कळतं. आणि पुढच्या भेटीला इन्हेलर आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, सोबत न्या, डॉक्टरांसमोर तिला एकदा ओढायला लावा.

रानपाखरू
भावाची थुंकी तपासायला सांगते. आजवर कुणी केलेलीच नाही.

स्लाइडवाली
रानपाखरू, सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेली द्या, लाळ नको, आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचू दे. आपोआप येत नसेल तर खारट पाण्याची वाफ देऊन काढतात, तीही दवाखान्यातच, कारण त्यानं दम लागू शकतो.

केतकीताई, रक्त पुन्हा तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा. स्टेरॉइडची गोळी पोटात गेली की काही तासांत रक्तातले इओसिनोफिल झपाट्यानं उतरतात, अगदी शून्याजवळ जातात, आणि मग रिपोर्ट बघणाऱ्याला वाटतं हा इओसिनोफिलिक दमा नाहीच. दिवसभरातही आकडा खालीवर होतो, दुपारच्या सुमारास कमी, रात्री जास्त. त्यामुळे झटक्याच्या वेळी गोळ्या सुरू करायच्या असतील आणि तब्येत तेवढा वेळ देत असेल, तर रक्त आधी द्या आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या. जुने रिपोर्ट टाकू नका, दर वेळी सगळे सोबत न्या.

केतकी_म
जुने तीन रिपोर्ट सापडले: ५४०, ७१० आणि एक चक्क ४०. तो ४० चा गोळ्या चालू असतानाचा आहे. सगळे फाइलला लावलेत, फेनोची वेळही घेतली.